बिनधाग्याचे शब्द

चार वर्षांत दैवशालाच्या वहीत सोळाशे बारा इंग्रजी शब्द जमले होते, आणि आज ऐन गरजेच्या दिवशी त्यातला एकही मेला कामाला येत नव्हता. वाटूरजवळच्या कपाशीच्या बीज प्लॉटवर ती बांधाला बसली होती आणि मोबाइल दगडावर आपटावा असं तिला मनापासून वाटत होतं.

नवीन जालन्याच्या ऑफिसातून भुजंग साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "ताई, प्लॉटचा रिपोर्ट पाचच्या आत इंग्रजीत पायजे. हैदराबादचे साहेब वाचणार हैत. त्यांना पटला तर सुपरवायझर तुम्ही, न्हाई तर मिथुन." दैवशाला सहा वर्षं या प्लॉटवर राबली होती. कोणतं फूल धरणार आणि कोणतं गळणार, हे ती लांबून सांगायची. मिथुनला नर फूल कोणतं नि मादी कोणतं हे अजून विचारावं लागे, पण इंग्रजी तो फाडफाड बोलायचा.

तिनं दोन वाजताच रिपोर्ट पाठवला होता. वहीतले भारीतले भारी शब्द वेचून घातले होते. अडीचला भुजंग साहेबांचा मेसेज आला: 'साहेब विचारतात, प्लॉटमध्ये नेमकं झालंय काय?'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज एक-दोन शब्द, भाकरी थापताना भिंतीवर चिकटवून पाठ केलेले. नवऱ्याची थट्टा, जावेचे टोमणे, सगळं गिळलं ते या एका दिवसासाठी.

"काय झालं गं, अशी का बसून राह्यलीस?" झुंबरबाईनं विचारलं. क्रॉसिंगच्या बायांत ती सगळ्यात जुनी. तिच्या मनगटाला लाल धाग्यांचा झुबका होता. नराचा पराग मादी फुलाला लावला की देठाला धागा बांधायचा, ही इथली रीत. हंगाम सरताना बिनधाग्याचं, म्हणजे हातानं पराग न लावलेलं बोंड कितीही टपोरं असलं तरी तोडून फेकायचं.

"साहेबाला कळंना, मावशी. एवढे शब्द घातले तरी."

"मला तरी वाचून दाखव. मराठीत सांग."

दैवशालानं वही उघडली. "अ‍ॅडव्हर्स म्हणजे प्रतिकूल. डिमिनिश म्हणजे क्षीण होणे. अबंडन्ट म्हणजे विपुल."

झुंबरबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. "हे बी इंग्रजीच हाय की."

"मराठी हाय, मावशी."

"असंल. पर तू कधी म्हणलीस का, औंदा बोंडं विपुल हैत म्हणून?"

दैवशालानं वहीची पानं उलटली. खरंच, सोळाशे बारा शब्दांसमोर लिहिलेले अर्थसुद्धा तिचे नव्हते. एका परक्याची ओळख दुसऱ्या परक्याकडून करून घेतली होती तिनं. चार वर्षं. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"प्लॉटात काय झालं ते सांग," झुंबरबाई म्हणाली.

"परवा क्रॉसिंग उरकता उरकता पाऊस आल्ता. फुलं भिजली. चारशे गळाली. उद्या दुसऱ्या फुलांवर करू."

"मंग तेच लिव्ह. जल्दी कर."

तिनं लिहिलं. रेन, वेट, फ्लॉवर, ड्रॉप, टुमॉरो. सगळे पाचवीतले शब्द, वहीत घ्यायच्या लायकीचे न समजलेले. चार ओळी. लाजेनं तिचे कान तापले, तरी तिनं पाठवलं.

पाचाला दहा कमी असताना उत्तर आलं: 'समजलं. साहेब म्हणतात, उद्यापासून रोज ह्याच बाईंनी पाठवावं. सुपरवायझर तुम्हीच.'

बाकीच्या बाया हसल्या, कुणी पाठीत थाप मारली. दैवशालाला आनंद व्हायला हवा होता. पण ती वहीकडेच बघत राहिली. बढती मिळाली ती वहीबाहेरच्या शब्दांवर, हे तिला काही केल्या पचेना.

"हे सगळे बिनधाग्याचे निघाले, मावशी."

"मंग तोडून फेक."

"न्हाई." तिनं नाक पुसलं. "लई राबलेय मी ह्यांच्यावर."

तिनं वहीचं पहिलं पान उघडलं. अबंडन्टसमोरचं 'विपुल' खोडलं आणि लिहिलं, 'लई'. मग त्याखाली स्वतःचं एक वाक्य लिहिलं, बांधाकडच्या ओळीतल्या बोंडांचं, मोडकंतोडकं, पण डोळ्यांसमोरचं. झुंबरबाईच्या मनगटावरचा एक धागा ओढून तिनं पानाच्या कडेला भोक पाडून त्यातून ओवला आणि गाठ मारली.

अजून सोळाशे अकरा राहिले होते.