ठिणगीचे बावन्न श्वास

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी घशात अडको!

नात आमची दोन वर्षांची, सगळे तिला ठिणगी म्हणतात. चार महिन्यांची असताना साध्या सर्दीचा विषाणू तिच्या छातीत उतरला. सहा दिवस नाकाला ऑक्सिजनची नळी. घरी सोडताना नर्सबाईंनी बजावलं, "पुढे सर्दी झाली की झोपेत मिनिटभर श्वास मोजा. फार वाढले तर घरी थांबू नका." तेव्हापासून घरात कुणी शिंकलं तरी सगळ्यांच्या माना वळतात. जावई घड्याळं दुरुस्त करतो. त्यानं माझ्यासाठी मोठ्या सेकंदकाट्याचं घड्याळ भिंतीवर ठोकलं.

त्या दुपारी ठिणगी सर्दीनं मलूल होऊन झोपली होती. लेक शिलाई मशीनवर, कुणाच्या तरी पडद्यांत बुडालेली. मी पोरीच्या छातीला कान लावला तर आत बारीक शिट्टी. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती.

"अगं ऊठ, हिला धाप लागलीय!"

"आई, सकाळी पालीनं तुला डोळा मारला होता ना?"

"मारलाच होता! पण हे खरं आहे."

"नाक चोंदलंय तिचं. एवढी शिवण संपवते."

जन्मभर थापा मी मारल्या, भोगायचं या एवढ्याशा जिवानं? मी घड्याळाकडे बघत मोजायला लागले आणि ओरडले, "बावन्न!"

मशीन थांबलं. लेक पांढरीफटक. पोरीला उचलून ती धावत सुटली, मागून मी, एकाच पायात चप्पल.

डॉक्टरांनी स्वतः श्वास मोजले, तोंडावर मास्क धरून पंपाचं औषध दिलं. आम्ही दोघी हातात हात धरून नुसत्या त्या बरगड्यांकडे बघत होतो. बऱ्याच वेळानं त्यांची ओढाताण जरा निवली.

"पुन्हा तोच विषाणू का हो?" लेकीनं विचारलं.

"तोच असेल असं नाही. पहिल्या वेळी शरीराचं सैन्य त्याच्यावर तुटून पडलं, त्या हाणामारीत श्वासाच्या बारीक नळ्या सुजल्या. काही मुलांत ते सैन्य पुढेही उतावळं राहतं. जराशी सर्दी झाली की सगळी फौज बाहेर. मग नळ्या आवळतात, शिट्टी वाजते."

"म्हणजे झुरळ दिसलं तरी अजगर आला म्हणून गाव गोळा करायचं," मी म्हटलं.

"आजीवर गेलंय," लेक म्हणाली. मग एकदम हळू आवाजात, "डॉक्टर, पुढे दमा होईल?"

"आत्ताच सांगता येत नाही. पुष्कळ मुलं यातून बाहेर पडतात. लक्ष ठेवा."

ते 'सांगता येत नाही' घेऊनच आम्ही घरी आलो. पंप आता घड्याळाखाली खिळ्याला टांगलाय.

बाकी सगळं खरं, पालसुद्धा. फक्त ते बावन्न... डोळ्यांत पाणी आलं, काटा दिसेना, तिसाच्या पुढे मोजणंच चुकलं. नुसतं 'खूप' म्हटलं असतं तर ती उठली असती का? आणि घाबरू नका, शपथ घेताना कवळी वाटीत होती.

डॉक्टरांनी मोजले ते छप्पन्न. जन्मात पहिल्यांदा मी कमी सांगितलं.