एकशे पस्तिसावा दिवस

बाळंतपणाची रजा वगळता टॅलिन बेदरोसियननं गेल्या वर्षी एकशे चौतीस दिवस शिकवलं, असं शाळेची नोंद सांगत होती. वर्ष धरायला लागतात एकशे पस्तीस.

"एका दिवसापायी अख्खं वर्ष पाण्यात?"

"नियम काय मी केलाय?" ऑफिसातल्या ओडेलबाईंनी मान वर केली नाही. "उमेदवारीची दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून."

यंदाचं दुसरं वर्ष. पंधरा मार्चपर्यंत 'नको'चं पत्र आलं नाही, की नोकरी पक्की. आज होती नऊ मार्च. आणि आता हे!

शिक्षक संघटनेचा ड्वेन, सुतारकाम शिकवणारा म्हातारा, तिच्या गैरहजेरीची यादी बघत म्हणाला, "गेल्या वर्षी, बारा मे. कुठे होतीस?"

"आरेनचा कान दुखत होता. पहाटेच फोनवर गैरहजेरी टाकली. मग पोरगा हसायला लागला, म्हणून आले."

"आणि नोंद रद्द केली नाहीस?"

"बदली बाई आल्या होत्या, त्यांना ओडेलबाईंनीच दुसऱ्या वर्गावर पाठवलं! आता म्हणतात, आठवत नाही."

"शाबास! काम केलंस ते केलंस, वर कागदोपत्री घरी बसलीस. साक्षीदार कोण? सात वर्षांची पोरं?"

टॅलिनला एकदम आठवलं. त्याच दिवशी मुख्याध्यापिका व्हिटलॉकबाई न सांगता वर्गात येऊन मागे बसल्या होत्या. वर्गात नुसता गोंधळ. नंतर त्यांनी दिलेला शेरा तिनं कपाटात तळाशी दडपला होता. घाईघाईनं तो तिनं काढला. 'वर्गावर ताबा नाही. शिक्षिका थकलेली दिसते.' खाली सही, तारीख: बारा मे.

व्हिटलॉकबाईंनी कागद दोनदा वाचला. "हा पुरावा म्हणून लावलास, तर शाळा मंडळातले सगळे वाचतील. कळतंय ना?"

"वाचू देत. थकलेली का होईना, होते ना मी?"

दिवस धरला गेला. जिन्यात ड्वेन म्हणाला, "आता सहा दिवस व्हिटलॉकबाईंच्या डोळ्यांवर येऊ नकोस."

तेवढ्यात पाळणाघराचा फोन आला. आरेनचा कान, पुन्हा. टॅलिनचं बोट सवयीनं गैरहजेरीच्या नंबराकडे गेलं. तिथंच थांबलं. तिनं नवऱ्याला फोन लावला.

"वारूझ, तू जा."

"अगं, माझी मीटिंग..."

"तुझी नोकरी पक्की आहे. जा!"