दोष झाकणाचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना केग आहे, म्हणजे बीअर साठवायचं पोलादी पिंप, आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सहसा उसासे टाकतात. माझ्याकडे उसासे नाहीत. माझ्या पोटावर उजव्या बाजूला एक पोचा आहे, आणि तो कुणाच्या बुटाने पडला हे तुम्हाला कळलंच पाहिजे.

माझा जन्म कारखान्यातला. एकोणीस लिटरचं पोट, डोक्यावर लंबगोल झाकण, झाकणावर गॅस सोडायची कडी आणि आत तळापर्यंत जाणारी एक बारीक नळी. पहिली बारा वर्षं मी इंग्लंडमधल्या हेरेफर्ड शहरातल्या एका सिनेमागृहात संत्र्याचा गोड पाक सांभाळला. मग तिथे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि आमची रवानगी भंगारात झाली. त्या ढिगातून मला उचललं एनिड प्रोबर्ट यांनी.

एनिडबाई विधवा होत्या, आडनाव पुन्हा माहेरचंच लावायच्या. फिरत्या वाचनालयाची गाडी घेऊन त्या हॉपच्या, म्हणजे बीअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, मळ्यांमधल्या गावागावांतून पुस्तकं वाटायच्या आणि सुट्टीच्या दिवशी घरी बीअर गाळायच्या. माझ्या अंगातला संत्र्याचा वास घालवायला त्यांना तीन आठवडे लागले. माझी सगळी रबरं बदलली, नळी काढून आतून ब्रशने घासली आणि मग मला म्हणाल्या, "चल, आता माणसांत ये." तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस होता. आजही तो आठवला की राग थोडा उतरतो. मग पुढचं आठवतं.

पुढचं म्हणजे नॉरिस. एनिडबाईंचा थोरला भाऊ. जन्मभर गुराढोरांच्या बाजारात लिलाव पुकारलेले, त्यामुळे घरातही तो पुकारूनच बोलायचा. आईवडिलांच्या घरात दोघं भावंडं एकत्र राहत. त्याला मी अहो-जाहो करणार नाही.

गावात दर सप्टेंबरला मैदानात मोठा तंबू ठोकून प्रदर्शन भरायचं. गाजरं, मुरंबे, डेलियाची फुलं आणि घरची बीअर. माझ्यातली बीअर पहिल्याच वर्षी पहिली आली. समोरच्या कार्डावर नाव होतं नॉरिस प्रोबर्ट. अर्ज भरायला तो गेला होता, त्याने आपलंच नाव लिहिलं. एनिडबाई म्हणाल्या, "जाऊ दे, घरातलंच आहे." दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. गावाच्या सभागृहात पितळेची पाटी लागली, तिच्यावर त्याचं नाव तीनदा कोरलं गेलं. ज्या माणसाला माझं झाकण कोणत्या बाजूने उघडतं हेही ठाऊक नव्हतं, तो लोकांना बीअर कशी गाळावी हे शिकवू लागला. एनिडबाई जवळ उभ्या राहून सँडविचची ताटं फिरवायच्या.

चौथ्या वर्षीची बीअर त्यांनी उन्हाळाभर जपली होती. गॅस भरून मी दहा दिवस शीतकपाटात बसलो होतो. प्रदर्शनाच्या आधीच्या बुधवारी शेजारचे ओसवाल्ड हॅचर आले. त्यांचे स्वतःचे हॉपचे मळे, त्यामुळे त्यांच्या नाकाला गावात मान होता. त्यांनी पेला हुंगला, एक घोट घेतला.

"झकास आहे. वास मात्र जरा कमी पडतोय."

नॉरिसचं तोंड उतरलं. "मग टाकू की अजून हॉप. त्यात काय!"

"अरे, तिच्यात गॅस भरलाय," एनिडबाई म्हणाल्या. "आता नुसता हॉप टाकलास तर सगळी उसळून वर येईल. आधी गॅस सोडायचा, तोही हळूहळू, दिवसभर. बीअर बर्फासारखी गार हवी. हॉप कापडी पिशवीत बांधायचा, पटकन आत सोडायचा, लगेच झाकण लावायचं. आणि एवढं करूनही वास उतरायला तीन दिवस लागतात. शनिवारच्या आत काही होणार नाही. आहे तशी चांगली आहे ती, तिला हात लावू नकोस."

"बरं बरं, मास्तरीणबाई."

शुक्रवारी सकाळी एनिडबाई गाडी घेऊन फेरीवर गेल्या. दुपारी नॉरिसने प्रदर्शन समितीच्या दोघांना आणि ओसवाल्डना घरी बोलावलं. मला शीतकपाटातून ओढून स्वयंपाकघराच्या मधोमध, उन्हात ठेवलं. हातात हॉपच्या दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांची पिशवी.

"आता बघा, हाडाचा कारागीर कसा काम करतो ते," तो म्हणाला.

"नॉरिस, एनिड म्हणाली होती की..." ओसवाल्ड पुटपुटले.

"एनिड पुस्तकं वाटते, ओसवाल्ड. बीअर माझी आहे."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. त्याने कडी ओढली, जरासं फुस्स झालं आणि त्याला वाटलं, गेला गॅस. तो वरवरचा गॅस होता. खरा गॅस बीअरच्या अंगात मुरलेला असतो. त्याला बाहेर पडायला एक खडबडीत कण पुरतो, आणि नॉरिसने तर मूठमूठ भरून हजारो कण एकदम आत ओतले.

आधी पोटात गुरगुर झाली. मग सगळा उन्हाळा माझ्या तोंडातून बाहेर पडला. हिरवा फेस छताला लागला, दिव्यावरून ओघळला, समितीच्या एका गृहस्थांच्या चष्म्यावर बसला. नॉरिस झाकण दाबू लागला. फेसातून झाकण कसं बसणार? त्याचा हात निसटला आणि दुसरी उसळी त्याच्या तोंडावर आली.

कुणीतरी हसलं. तेवढंच निमित्त झालं.

"भंगार डबा!" तो किंचाळला. "झाकणच बसत नाही याचं! किती वेळा सांगितलं तिला, हा फेकून दे म्हणून!" आणि त्याने मला लाथ मारली. मी आडवा पडलो, उरलेली बीअर फरशीवर गेली. मग त्याने मला ओढत नेऊन परसातल्या खाजऱ्या झुडपांत फेकलं. ओसवाल्ड दारात उभे होते. मग ते घरी निघून गेले.

संध्याकाळी एनिडबाई आल्या. छतावरून अजून थेंब पडत होते.

"तुझा केग फुटला," नॉरिस म्हणाला. "झाकण गेलं होतं त्याचं. थोडक्यात वाचलो आम्ही."

त्या तशाच वळल्या. परसात आल्या, हाताला खाज सुटत असताना मला बाहेर काढलं आणि पायरीवर उभं केलं. झाकणाच्या रबरावरून बोट फिरवलं. नळी उपसून पाहिली, तर ती हिरव्या गाळाने ठासून भरलेली. मग पोच्यावर तळवा ठेवून त्या खाली मान घालून बसल्या. मला वाटलं, रडतायत. त्या रडत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या तंबूत बीअरच्या टेबलावर नॉरिसच्या कार्डापुढची जागा रिकामी होती. तो लोकांना रंगवून सांगत होता, "धडाम्! बॉम्बच जणू! जुनी भांडी वापरू नयेत हो."

एनिडबाईंनी मला हातगाडीवरून आत आणलं आणि त्या रिकाम्या जागी ठेवलं. तसाच. पोच्यासकट, गाळासकट.

"एनिड, काय चालवलंयस? लोक बघतायत!"

"बघू देत. त्यासाठीच आणलंय." त्यांचा आवाज चढला नाही, पण मुरंब्यांच्या टेबलापाशी उभी असलेली माणसंही जवळ सरकली. "याचं झाकण धड आहे, रबर मी जुलैत बदललंय. नळीत काय अडकलंय ते ज्याला पाहायचं त्याने यावं, पाहावं. भरल्या गॅसवर हॉप ओतलाय. मी बुधवारी नको म्हणून सांगितलं होतं. ओसवाल्ड, तू होतास ना तिथे?"

ओसवाल्डनी टोपी काढली, पुन्हा घातली. नॉरिसकडे पाहिलं. अखेर म्हणाले, "होतो. दोन्ही दिवशी होतो. ती खरं बोलतेय."

"आणि आता हेही ऐका," एनिडबाई म्हणाल्या. "ही बीअर माझी होती. आधीच्या तीनही माझ्याच. मी बोलले नाही, हा माझा मूर्खपणा. पण माझं श्रेय लाटलंस ते लाटलंस, वर तुझा गाढवपणा माझ्या भांड्याच्या माथी मारतोस?"

तुम्हाला वाटेल, मग सगळं ठीक झालं. नाही झालं. समितीने मान डोलावली आणि नियम काढून दाखवला, दिलेलं बक्षीस बदलता येत नाही. पितळेच्या पाटीवर आजही तीनदा नॉरिसच आहे. पुढच्या वर्षी एनिडबाईंनी स्वतःच्या नावाने बीअर मांडली. हॉप त्यांनी त्यांच्या पद्धतीने घातला. दिवसभर थोडा थोडा गॅस सोडला, पिशवीत जड पोलादी गोटी घालून ती आत सोडली, झाकण लावलं, वरची हवा गॅसने तीनदा हुसकून लावली. एक थेंब सांडला नाही. नंबर दुसरा आला. कार्डावर लिहिलं होतं: एनिड प्रोबर्ट.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी नॉरिस पेला घेऊन आला. "एक घोट दे की गं."

"देते. आधी सांग, त्या दिवशी काय झालं होतं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी वाट पाहिली. खरंच पाहिली.

"झाकण..." तो म्हणाला.

एनिडबाईंनी पेला त्याच्या हातून घेतला, पुसला आणि फळीवर उपडा ठेवला. तो तहानलेलाच परत गेला.

मित्रांनो, भांडी घासा, रबरं वेळेवर बदला, घाईने झाकणं उघडू नका. हे सगळं सांगायला हवंच, म्हणून सांगतो. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या हातून काही सांडलं, तर म्हणा, "माझ्या हातून सांडलं." तीनच शब्द आहेत. त्या माणसाला तेही जड झाले, आणि एवढ्यासाठी मी त्याला कधीही माफ करणार नाही.