आधी कोण बोलणार

दोन जावांचं भांडण असेल तर घर निदान जिवंत असतं. यांच्या घरात भांडणही नव्हतं, अबोला होता, आणि तोही कडकडीत. एक जिना, वर एक चूल, खाली एक चूल, आणि मध्ये बिचारे दोघे भाऊ निरोप पोचवत वरखाली करायचे. "तिला सांग, नळ नीट बंद करत जा म्हणावं." "त्यांना सांगा, नळाला मी हातही लावला नव्हता." आधी जी बोलेल ती हरली, असं कुणी कागदावर लिहिलं नव्हतं. पण दोघींनाही ते पक्कं ठाऊक होतं.

कारण काय, तर सासूबाई गेल्या त्या दिवशी थोरली दवाखान्याच्या खोलीबाहेर बसून राहिली आणि धाकटीने तिला आत जाऊ दिलं नाही. "डॉक्टरांनी नको म्हटलंय," एवढंच बोलून दार लावून घेतलं. आत सासूबाई गेल्या. जिने वर्षानुवर्षं म्हातारीचं हगणं-मुतणं काढलं तिला शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही, हे थोरलीने झाडून सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. आणि खोटं कशाला बोला, ऐकणाऱ्याचं डोकं फिरावं अशीच ती गोष्ट होती. धाकटीने त्यावर कधी ब्र काढला नाही. तिला सगळ्यांनी आतल्या गाठीची ठरवली, आणि तीही मग खुशाल तशीच वागायला लागली.

आता पुढचं ऐका. धाकटी अग्निशमन दलात होती, तिच्या तुकडीत एकटीच बाई. थोरली एका वर्कशॉपची मुकादम. तिथे वीजपेट्या भाड्याने मिळायच्या, जिथे तार पोचत नाही तिथे न्यायच्या, सुटकेसएवढ्या. पेटीच्या पोटात इंधनाची कार्ट्रिजं, आणि कार्ट्रिजात कॉस्टिक सोडा मिसळलेलं पाणी. त्या दुपारी भाड्यावरून परत आलेल्या पेट्यांची चळत एका बाजूने ओली झाली. सगळ्यात खालच्या पेट्यांतली कार्ट्रिजं फुगून फुटली होती. तुकडीला पत्ता कळला तेव्हा धाकटीच्या तोंडून निघालं, "झालं! हेच राहिलं होतं."

काम मात्र रीतसर सुरू झालं. वारा पाठीशी घेऊन गाडी लावली, लाल फीत ताणली, अंगभर रबरी सूट चढवलेले दोघे आत गेले आणि वाळूचा बांध घालून गळकी कार्ट्रिजं पिंपात भरायला लागले. धाकटी बाहेर, अंग धुण्याच्या तंबूपाशी. आतून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, कुठे लागलं, बुळबुळीत लागतंय का. हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. अॅसिड चावतं, माणूस आपणहून बोंबलत पाण्याकडे धावतो. कॉस्टिक महालबाड. ते सुरुवातीला दुखवतच नाही, कातडीचाच साबण करत बसतं, आणि माणूस म्हणतो, मला काही झालेलं नाही.

दोन मेकॅनिक धुवून निघाले. शेवटी थोरली बाहेर आली आणि तंबूकडे न वळता भिंतीशी हाताची घडी घालून उभी राहिली. धाकटीच्या तोंडावर मास्क, पंपाची घरघर चाललेली, दोघींच्या मध्ये अर्धं आवार. चार पावलं टाकून पुढे जायला काय झालं होतं? पण नाही. तिने गाडीच्या ड्रायव्हरला हाक मारली. त्याला सगळे साखऱ्या म्हणत, कारण त्याच्या तोंडून बाहेर पडताना प्रत्येक गोष्ट गोड होऊनच यायची.

"साखऱ्या, त्या बाईंना विचार, फरशीवर गुडघे टेकले होते का. पायाला बुळबुळीत लागतंय का. खोटं बोलल्या तर पाय जाईल म्हणावं, मग बसा मिरवत."

साखऱ्या गेला. अनोळखी बाईला पायाबियाचं कसं विचारायचं, म्हणून त्याने विचारलं, "मॅडम, बऱ्या आहात ना? काही त्रास?"

"त्रास कसला? मी दारात उभी होते. आणि तिला जाऊन सांगा, तिच्यापुढे कपडे उतरवायला मी अजून मेले नाही."

साखऱ्या परत आला. "काही त्रास नाही म्हणतात. तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

नमस्कार! तिथेच धाकटीला शंका यायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. हिला हात लावायला नको, हिचं तोंड बघायला नको, जाऊ दे मरू दे. तिने हाताने खूण केली, सोड त्यांना. थोरली मान ताठ करून फाटकाकडे निघाली.

चालता चालता थोरली अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होती. थांबली, बोटांकडे पाहिलं, पँटला पुसली, परत घासायला लागली.

"साखऱ्या, बुळबुळीत लागतंय का ते विचारलंस?"

"आता बाईमाणसाला असं कसं विचारणार? तुम्ही बऱ्या आहात ना, असं विचारलं."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साखऱ्यावर चिडली तितकीच स्वतःवरही. मास्क ओढून खाली केला आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "ताई! थांबा! हाताला बुळबुळीत लागतंय का?"

थोरली वळली. आणि काय सांगू, ती हसली! इतकी खुश झालेली तिला कुणी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. "बोललीस! बोललीस ना शेवटी? ऐकलंत ना सगळ्यांनी? आधी ही बोलली!"

"अहो, लागतंय का ते सांगा!"

"लागतंय. मघापासून. गुडघ्यालाही. गुडघे टेकून मीच पुसत होते सगळं. दुखत नाही काही, मग तुझं काय जातंय?"

धाकटीने तिला दंडाला धरून फरफटत तंबूत नेलं, पडदा ओढला, कात्रीने पँट वरपासून खालपर्यंत फाडली. दोन्ही गुडघे पांढुरके, मऊ पडलेले. पाण्याचा झोत लागला तशी वरची कातडी भिजलेल्या कागदासारखी सुटून आली. थोरलीने खाली पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

"निदान अर्धा तास पाण्याखाली," धाकटी म्हणाली.

"अर्धा तास? गारठून मरायला? तुला तेच हवंय!" थोरलीने तिच्या कानाखाली एक ठेवून दिली. हाडापेराने ती चांगली दणकट, धाकटी तिच्यापुढे काडी. जोर करून ती थांबणार नव्हती. मग धाकटीने तोंड सोडलं. अंगठ्या कुणी लपवल्या, पुतण्याच्या लग्नात कुणाला मागच्या रांगेत बसवलं, कुणाच्या नवऱ्याचे कान कुणी भरले, सगळं काढलं. थोरलीही कमी नव्हती. इतक्या दिवसांचं साठलेलं, दोघी भडाभडा बोलत सुटल्या, आणि गंमत म्हणजे एवढ्या शिव्या देतानाही धाकटीचं 'अहो-जाहो' काही सुटलं नाही. बाहेर पुरुष माणसं खाली माना घालून ऐकत होती. ही भांडतेय तोवर पाण्याखाली उभी आहे, हे धाकटीच्या ध्यानात आलं, तशी ती मुद्दाम उकरून उकरून काढायला लागली.

पण भांडणही कधीतरी संपतं. थोरलीचे दात वाजायला लागले होते, वेळ अजून बराच बाकी होता. तिने टॉवेल ओढला. "पुरे! सासूचं तोंड बघू दिलं नाहीस मला, आणि आता अंघोळ घालतेस? मी निघाले. पाय माझे आहेत." तिने धाकटीला ढकललं आणि पडद्याला हात घातला.

धाकटी खाली पडली होती. उठून धरेपर्यंत ती बाहेर गेली असती. गेली असती तर ते कॉस्टिक गुडघ्याच्या सांध्यात उतरलं असतं.

"डॉक्टर काही बोललेच नव्हते," धाकटी म्हणाली. "आई म्हणाल्या. थोरलीला आत सोडू नकोस म्हणाल्या. मरताना तरी मला तिचं तोंड नको."

थोरलीचा हात पडद्यावर राहिला.

"खोटारडी."

हो म्हटलं असतं तर थोरली ताडकन निघून गेली असती, म्हणून धाकटीने दात आवळले. थोरली हळूच मागे आली आणि आपली आपण पाण्याखाली उभी राहिली. हातून टॉवेल सुटला तो उचललासुद्धा नाही.

"अजून काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"सांग."

"तुम्ही भरवतानाही हिसडून भरवता म्हणाल्या. कुशीवर वळवतानाही हिसडता म्हणाल्या."

थोरलीने मान हलवली. पुढे ती जागची हलली नाही. पाणी गुडघ्यांवर पडत राहिलं. धाकटीला रडू फुटलं, तिने झोत धरला होता तो हात मात्र खाली आणला नाही.

वेळ भरली. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरने गुडघे पाहिले, म्हणाला, वेळेवर आणि भरपूर पाणी मारलंत, पाय वाचतील. थोरलीला स्ट्रेचरवर घेतलं. धाकटी गाडीत चढून तिच्या कानाशी वाकली.

"ताई, खोटं होतं ते. तुम्ही पाण्याखालून हलू नये म्हणून बोलले. आईंनी तुमचं नावच काढलं होतं हो, बोलवा म्हणाल्या होत्या."

थोरलीने तिच्याकडे नीट पाहिलं. रागाने नव्हे, त्याची आता तिला गरज उरली नव्हती.

"इतके दिवस सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्यास आणि हे तोंडातून काढलं नाहीस," ती म्हणाली. "खोटं असतं तर पहिल्याच दिवशी माझ्या तोंडावर फेकलं असतंस."

धाकटीने तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"पाय गेले असते तरी चाललं असतं गं," थोरली म्हणाली, आणि तिने तोंड दुसरीकडे फिरवलं.