तागडीवर घेतलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनी पितळी तागडी आहे. दांडी मोडली, एक पारडं हरवलं. उरलेलं दुसरं पारडं म्हणजे मी. माझं बोलणं आज जरा तिखट लागेल. लागू द्या.

तांबटाने मला ठोकून घडवलं आणि आबाजींनी नेरळच्या आपल्या किराणा दुकानात आणलं. ते तोलायला बसले की दाणा इकडचा तिकडे होत नसे. चुकून सांडलाच, तर वेचून पोत्यात जाई. गिऱ्हाईकं म्हणत, "आबाजींची तागडी खोटं बोलत नाय." ऐकून माझा ऊर भरून येई. पुढे विजेचा वजनकाटा आला आणि मी माळ्यावर गेले.

दुकान बंद झाल्यावर आबाजींनी मला परसातल्या पेरूला टांगलं. सकाळी मूठभर बाजरी घालत. चिमण्या येत, साळुंक्या भांडत, बुलबुल कडेला बसे. किती सुखाचे दिवस होते ते!

मग आबाजींचा हात सैल सुटला. मुठीची ओंजळ झाली. वर शिळा भात, चपात्या, फरसाण. पाखरं खाऊन खाऊन किती खाणार? निम्मं खाली सांडे आणि संध्याकाळी तसंच पडून राही. त्या वासाने उंदीर आले. आधी झाडाखाली, मग स्वयंपाकघरात. एके सकाळी आबाजींची नात सोनाली किंचाळत उठली. उंदराने तिच्या पायाचा अंगठा कुरतडला होता. पोरीला इंजेक्शनं घ्यावी लागली.

दवाखान्यातून येताच तिच्या आईने, माधवीने, मला खाली ओढलं. "ही तागडीच नको! हिनंच उंदीर आणले."

आबाजी खाली मान घालून म्हणाले, "खरं हाय. तिचाच दोष."

माझा दोष? अहो, मी काय बाजारात जाऊन फरसाण आणलं? ज्याच्या हाताखाली जन्मभर खरं तोललं, त्यानेच माझ्यावर असा आळ घ्यावा! मला सरपणात फेकलं. पाटीभर लाकडं वर पडली.

आबाजी मात्र आता थेट परसातल्या फरशीवरच भात टाकू लागले. उंदीर दिवसाढवळ्या फिरू लागले. माधवीने ते दारातून पाहिलं.

"आबा, तागडी तर काढली. मग हे कुणाकडं जेवायला आलेत?"

"पाखरांना उपाशी ठेवू का गं?"

"उपाशी कोण ठेवा म्हणतंय? दुपारपर्यंत संपेल तेवढंच घाला. शिजलेलं नको."

पायाला पट्टी बांधलेली सोनाली पायरीवर बसली होती. तिने विचारलं, "आबा, तुमी दुकानात पण एवढं सांडायचात?"

 आबाजींनी केरसुणी घेतली आणि सगळं परस झाडून काढलं.

माधवीने मला सरपणातून काढलं आणि घासून खोडापासून लांब, तारेवर टांगलं. आता सकाळी मूठभर बाजरी मिळते. दुपारी मला उतरवून धुतात, खालचं झाडतात. धान्य झाकणाच्या डब्यात असतं. बिळं बुजवली आणि उंदीर हळूहळू दिसेनासे झाले. पण "तागडी, चुकलो" असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

मित्रांनो, पाखरांना जरूर खाऊ घाला. पण ओतून पाठ फिरवू नका. सांडलेलं झाडा, उरलेलं उचला. आणि तरीही उंदीर आलेच, तर झाडाला टांगलेल्या मुक्या वस्तूला शिव्या देण्याआधी आपला हात बघा.