आगबोटीवर गेलेले बोंडले

मित्रांनो, दात येण्याआधीचे दिवस कोणालाच आठवत नाहीत. नाहीतर तुम्ही मला पाहताक्षणी ओळखले असते. मी बोंडले. मुठीत मावेल एवढी माझी वाटी आणि तिला पुढे काढलेली एक निमुळती तोटी. तोटी लेकराच्या ओठाला लावायची, वाटी जराशी कलती करायची, की दूध बारीक धारेने पोटात जाते. एवढेच माझे काम. आता मी काळवंडले आहे आणि कुशीला एक पोचा पडला आहे, पण माझी चांदी अस्सल आहे.

जालन्याच्या सराफ्यात पुंजाराम सोनाराने मला घडवले. घनसावंगीच्या गोपिकाबाईंनी पायातले तोडे काढून त्याच्यासमोर ठेवले होते. गोदाकाठच्या काळ्या जमिनीचे ते घर, आणि घरात पहिली नात जन्मली होती.

"माझ्या पायाला आता वजन सोसत न्हाई," गोपिकाबाई म्हणाल्या. "याचं बोंडलं कर. तोटी बराबर गोल पाहिजे. लेकराच्या हिरडीला टोचली तर तुझ्या दुकानाची पायरी चढायची न्हाई मी."

पुंजारामने तोटी घासून घासून गुळगुळीत केली आणि शेवटी स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवून पाहिली. माझी पहिली परीक्षा ती.

त्या नातीचे नाव उषा. तिच्यापाठोपाठ बद्रीनाथ झाला. दोघांना मी दूध पाजले, गुटी पाजली, ज्वारीची पातळ पेज पाजली. त्यांची आई सोनूबाई, हसनाबादची लेक. तिचा हात फार हलका होता. ती मला राखेने घासायची, कोमट पाण्याने धुवायची आणि उन्हात पालथे घालायची. बद्री तर माझ्याशिवाय दुधाला तोंडच लावत नसे. वाटीने पाजले तर फुर्र करून अंगावर उडवायचा. शेजारणी म्हणायच्या, "सोनूबाई, हे बोंडलं हाय का पोराची दुसरी माय?" तेव्हा मला किती अभिमान वाटे म्हणून सांगू!

मुलांचे वडील त्रिंबकराव औरंगाबादेला शिकलेले. जालन्याला काकासाहेब नावाच्या मालकाच्या जिनिंग कारखान्यात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, ते कापसाची पारख करत. इंग्रजी बोलत, उर्दू लिहीत आणि शेरवानीची गुंडी गळ्यापर्यंत लावत. एके दिवशी ते घनसावंगीला आले तेच घाईघाईने.

"कराचीला निघायचं," ते म्हणाले. "काकासाहेबांनी आगबोटीची पहिल्या वर्गाची तिकिटं काढली. तिथल्या कंपनीचे बडे साहेब त्याच बोटीनं चालले. त्यांच्या टेबलावर आपल्याला जेवायचं हाय. साहेबाला माणूस पसंत पडला की तिथली सगळी कापसाची खरेदी माझ्या हाती येईल."

"मंग लेकरं?" गोपिकाबाईंनी विचारले.

"सगळेच जाऊ. पूर्ण हंगाम काढायचा हाय तिकडं."

गोपिकाबाई सुनेकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई, बोंडलं हाताशी ठेव. ट्रंकेत घालू नको."

असे मी मनमाडवरून मुंबईला गेले आणि तिथून त्या आगबोटीवर चढले. ती बोट विलायतेहून आली होती. आमच्या सबंध गावाला पुरून उरेल एवढी मोठी. पितळेचे कठडे, पायाखाली गालिचे, जागोजाग कुंड्यांतली झाडे. सोनूबाई चपला हातात घेऊनच चालू लागली, तेव्हा त्रिंबकरावांनी डोळे वटारले.

पहिला धक्का दुपारीच बसला. पांढऱ्या कोटातला एक नोकर खोलीत आला आणि अदबीने म्हणाला, "छोटे बच्चे बड़े खानेघर में नहीं आते, साहब. उनका खाना शाम को, नीचे के कमरे में, आया के साथ."

सोनूबाई त्याच्याकडे बघतच राहिली. तो गेल्यावर तिने नवऱ्याला विचारले, "म्हंजे लेकरं खाली आन् आईबाप वर?"

"रिवाज हाय हितला."

"आवं, पण लेकरू जेवलं का उपाशी राह्यलं, हे आईला कळायचं कसं?"

"आया सांगते."

"आयाला कोण सांगतं?"

 त्रिंबकराव आरशासमोर उभे राहून टोपी सारखी करू लागले.

संध्याकाळी आम्ही खालच्या खोलीत गेलो. तिथे छोटी टेबले होती, छोट्या खुर्च्या होत्या. गोरी मुले मुकाट्याने उकडलेला बटाटा खात होती. त्यांच्या आया भिंतीशी उभ्या होत्या. आई एकाचीही नव्हती. उषाने पावाचा तुकडा खाल्ला. बद्रीला मात्र एका आयेने उचलले आणि त्याने असा टाहो फोडला की सगळ्या मुलांचे घास हातातच राहिले. रडून रडून त्याला उलटी झाली. सोनूबाईने त्याला काखेत घेतले, उषाचे बोट धरले आणि ती सरळ वर आली. आल्याबरोबर तिने माझ्यात दूध भरले. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

"चल जल्दी," त्रिंबकराव म्हणाले. "साहेब बसले असतील."

"लेकरू भुकेलं हाय. मी ह्याला टाकून यायची न्हाई."

"मंग घेऊन चल! पण चल!"

मोठ्या खानेघराच्या दाराशी आलो. आत झुंबरे लखलखत होती, कोणीतरी पियानो वाजवत होते. बद्रीने माझी तोटी तोंडात धरली होती, दोन घोट घेतलेही होते. आणि त्रिंबकरावांनी मला ओढून घेतले.

"हे गावठी भांडं घेऊन आत यायचं? लोक काय म्हणतील?"

मित्रांनो, पुढे त्यांनी जे केले ते मला आजही खरे वाटत नाही. दाराजवळच्या झाडाच्या कुंडीत त्यांनी माझ्यातले दूध ओतून दिले. भुकेल्या लेकराचे दूध! मातीने ते पिऊन टाकले. मग त्यांनी मला रुमालात गुंडाळले आणि शेरवानीच्या खिशात कोंबले.

यापुढचे मी डोळ्यांनी पाहिले नाही, खिशातल्या काळोखातून ऐकले आणि उरलेले नंतर सोनूबाईच्या तोंडून कळले. आत पाऊल पडताच जवळपासच्या टेबलांवरचे काटेचमचे थांबले. एक बाई इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. त्रिंबकरावांचा तळहात खिशावर घट्ट दाबला गेला. मी बाहेर डोकावीन अशी त्यांना भीती होती की काय, कोण जाणे.

साहेबांची मडम मात्र मनाची चांगली होती. "आओ, आओ," म्हणत तिने आपल्या शेजारच्या खुर्चीवर दोन उशा ठेवायला लावल्या. बद्रीला तिथे बसवले. त्याच्या पलीकडे उषा, तिच्या पलीकडे सोनूबाई. लेकरू आणि आई यांच्यात एका खुर्चीचे अंतर पडले.

"आई," उषाचा खणखणीत आवाज आला, "ह्या लोकांनी हात धुतले न्हाईत का? काट्यानं खाऊन राह्यले!"

"गप," त्रिंबकराव कुजबुजले.

बद्री आधी कुरकुरला, मग रडला, मग ओरडू लागला. काहीतरी खळकन फुटले, बहुधा पेला. आता खुर्च्या वळल्याचे आवाज आले. साहेब खाकरले.

"गप कर त्याला," त्रिंबकराव दातओठ खात म्हणाले. "बिलकुल आवाज नको."

"आवं, बोंडलं द्या ना त्याला! उपाशी हाय ते!"

"आत्ता न्हाई!"

मी त्यांच्या मांडीला टेकून होते. त्यांना फक्त हात खिशात घालायचा होता. मला तोंड असते तर मी तिथून ओरडले असते.

तेवढ्यात मडम हसून म्हणाली, "बच्चा को मिठाई देता." टेबलावरच्या छोट्या बशीतला साखरेत घोळलेला एक बदाम तिने बद्रीच्या हातावर ठेवला. रडणे थांबले. "देखो, चुप हो गया!"

सगळ्यांना हायसे वाटले. काटेचमचे पुन्हा वाजू लागले. सोनूबाईनेही सुस्कारा सोडला, तो मी ऐकला. वाढपी तिच्यापुढे बशी धरून उभा होता, त्यातले काय घ्यावे हे तिला कळत नव्हते. साहेबांनी जालन्याकडच्या कापसाचा धागा किती लांब येतो ते विचारले. त्रिंबकरावांचा आवाज एकदम खुलला. ते काळ्या जमिनीबद्दल, बोंडांबद्दल, वेचणीबद्दल सांगू लागले. साहेब "गुड, गुड" म्हणत होते.

"आई, बद्री बघ ना कसा करून राह्यला," उषा म्हणाली.

"उषा, मोठी माणसं बोलून राह्यली ना?" त्रिंबकराव म्हणाले.

"आबा, त्याचं तोंड जांभळं झालं."

खुर्ची उलथून पडल्याचा आवाज झाला. सोनूबाई उठली होती. ज्या शांततेवर सगळे खूश होते, ती शांतता म्हणजे लेकराचा कोंडलेला श्वास होता! बदाम घशात अडकला होता. रडायलासुद्धा त्याच्यात वारा उरला नव्हता.

मडम किंचाळली. पियानो थांबला. सोनूबाईने बद्रीला उचलले, खाली गालिच्यावर बसली, त्याला मांडीवर पालथा घातला, डोके खाली केले आणि तळहाताने पाठीवर थाप मारली. एकदा. पुन्हा. तिच्या आईने धाकट्या भावाच्या घशातली बोराची बी अशीच काढली होती, हे तिने नंतर सांगितले. त्या वेळी ती फक्त "बद्री, बद्री" म्हणत होती. थापेचा आवाज त्या मोठ्या दालनात घुमत होता आणि एवढ्या लोकांत एकही माणूस हलत नव्हता.  

मग बदाम बाहेर उडाला आणि टेबलाच्या लाकडी पायावर टक्कन आपटला. आणि बद्रीने टाहो फोडला.

मित्रांनो, मी कितीतरी रडणी ऐकली आहेत. पण त्या रडण्याएवढे गोड काही मी ऐकले नाही. आता कोणी खुर्ची वळवली नाही, कोणी पुटपुटले नाही.

त्रिंबकरावांचा हात खिशात आला. रुमाल बाजूला पडला आणि मी उजेडात आले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. "दूध," ते वाढप्याला म्हणाले. चहासाठी ठेवलेली दुधाची सुरई त्यांनी स्वतःच उचलली. घाईत अर्धे दूध टेबलावरच्या शुभ्र चादरीवर सांडले. मग गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला तो माणूस गालिच्यावर मांडी घालून बसला.

सोनूबाईने बद्रीचे तोंड, घसा बोटाने चाचपून पाहिला. त्याचा श्वास नीट लागेपर्यंत तिने त्याला खांद्यावर घेतले. मग म्हणाली, "द्या इकडं."

"न्हाई," ते म्हणाले. "मी पाजतो."

त्यांनी आजवर लेकराला कधी पाजले नव्हते. तोटी तिरकी धरली, दूध बद्रीच्या गळ्यावर ओघळले. सोनूबाईने त्यांचे मनगट धरून जरासे वळवले. मग धार बरोबर लागली. साहेबलोक बघत होते, मडमा बघत होत्या. त्रिंबकरावांनी एकदाही मान वर केली नाही.

साहेबांची मडम रडत जवळ आली. "मेरे हाथ से... मेरे हाथ से हुआ," ती म्हणत होती.

"तुमच्या मनात काही वाईट न्हवतं, बाई," सोनूबाई म्हणाली. मडमला शब्द कळले नसतील. पण सोनूबाईने तिला हाताला धरून आपल्या शेजारी बसवले, ते कळले. तीही तिथेच गालिच्यावर बसली, रेशमी झग्यासकट.

दुसऱ्या दिवशी त्रिंबकरावांनी मोठ्या खानेघराचे नाव काढले नाही. संध्याकाळी ते खालच्या खोलीत आले आणि मुलांच्या छोट्या खुर्चीत बसले. त्यांचे गुडघे टेबलाच्या वर येत होते. गोरी मुले त्यांच्याकडे बघून खिदळत होती आणि ते उषाला बटाटा कुस्करून देत होते. थोड्या वेळाने दार उघडले आणि साहेबांची मडमही आत आली.

कराचीची खरेदी त्यांना एका हंगामापुरती मिळाली. पुढे साहेबांनी दुसरा माणूस नेमला. ते जालन्याला परतले आणि पुन्हा काकासाहेबांच्या कारखान्यात जाऊ लागले. ही हकिकत ऐकून गोपिकाबाईंच्या हातातले सूप गळून पडले.  दोन दिवस त्यांनी आपल्या मुलाशी अबोला धरला.

त्यानंतर मी आणखी तीन लेकरांना वाढवले. मग काचेच्या बाटल्या आल्या, रबराची बोंडे आली आणि माझी रवानगी फडताळात झाली. निजामी राज्याच्या शेवटच्या धामधुमीत मला घाईने बोचक्यात बांधून जाफराबादला सोयऱ्यांकडे नेले, तेव्हा हा पोचा पडला. आता उषाच्या सासरच्या एका कोनाड्यात मी आहे. मला कोणी घासत नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही असे नाही.

परवा त्रिंबकराव इथे आले होते. केस पांढरे झाले आहेत. पुरुषांची पंगत बसली होती, व्याही आग्रह करून वाढत होते. आतल्या खोलीत उषाचे तान्हे रडत होते आणि रडता रडता एकाएकी थांबले. त्रिंबकरावांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उष्ट्या हाताने उठून ते आत गेले. लेकरू नुसतेच झोपले होते. "आवं, पाव्हणे, लेकरं झोपत न्हाईत का कधी?" म्हणून पंगत हसली. त्यांनी मात्र वाकून त्याच्या नाकाशी बोट धरले, श्वास बोटाला लागला, तेव्हाच ते पंगतीला परत आले.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी तुम्हाला सांगणार नाही. जमले तर ठेवा. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, मोठ्या लोकांत बसाल, तेव्हा सोबत एखादे लेकरू असेल. ते रडले तर रडू द्या, लोक बघतील तर बघू द्या. आणि ते गप्प झाले, तर खूश होण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे बघा.