डागाले खट्टं लागते

मार्च लागला की आमच्या नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. खालच्या मजल्यावरच्या दहा वर्षांच्या भैरवीने आईला खूश करायचं म्हणून कूलरचा लोखंडी स्टँड एकटीने धुतला आणि निथळायला ठेवला, तो नेमका बाथटबात! तिची आई वंदना कुहीला माहेरी गेली होती. त्या पांढऱ्या टबावर तिचा भारी जीव.

दुसऱ्या दिवशी दुपारी भैरवी माझ्या दारात उभी. हातात तारेची घासणी.

"आबाजी, टबात गंजाचे चार डाग पडले! आई पाच वाजता येते. मले सोडणार नाही ते!"

"पहिले ती घासणी ठेव. तिचे कण टबात राहतील अन् उद्या तेच गंजतील."

मी तिच्यासोबत खाली गेलो. पाय घसरू नये म्हणून टबाचा तळ खरबरीत, बारीक दाण्यांचा होता. गंज त्या दाण्यांच्या फटींत जाऊन बसलेला.

"मीठ अन् लिंबू आण."

मीठ आलं. लिंबाऐवजी आलं संत्रं.

"लिंबू संपलं. संत्रंही आंबटच राहते ना, आबाजी?"

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. असा प्रश्न नुसतं उत्तर देऊन वाया घालवायचा नसतो. एका डागावर तिला संत्र्याचा रस आणि मीठ लावू दिलं. दुसऱ्यावर माझ्या घरचं लिंबू आणि मीठ.

"आता?"

"आता अर्धा तास बसायचं."

"नुसतं? काहून?"

"लिंबू काम करून राहिलं. करू दे त्याले."

उरलेलं संत्रं आम्ही टबाच्या काठावर बसून संपवलं. मग तिने जुन्या टूथब्रशने गोल गोल घासलं. लिंबाखालचा डाग फिका पडला. संत्र्याखालचा जसाच्या तसा, वर दोन मुंग्या.

"हे संत्रं नागपूरचं नाही वाटते!"

"नागपूरचंच आहे, म्हणून गोड आहे. डागाले खट्टं लागते."

मग चारही डागांवर दोनदा लिंबू लावलं. साडेचारला टब पांढराशुभ्र.

पाचला वंदना आली आणि थेट बाथरूममध्ये शिरली. भैरवीने माझा हात घट्ट धरला. वंदना वाकली. टबाच्या काठावर संत्र्याची सालं तशीच पडली होती.

"काय वं, टबात मुंग्या? इथं संत्रं कोणी खाल्लं?"

"आबाजीनं!" भैरवीने लगेच बोट दाखवलं. मग तिला राहवेना. "आई, तुले माहीत आहे, संत्र्यानं गंज निघतच नाही!"

"गंज? कोणता गंज?"

मी हळूच जिना गाठला. मागून भैरवीचा आवाज आला, "पण आई, कूलरचा स्टँड पाह्य ना, कसा चकाचक केला मी!"

आणि वंदनाचं हसू मला वरच्या पायरीपर्यंत ऐकू आलं.